कर्जापुरती शिवकन्या

बाईच्या नावाला आपल्याकडं किंमत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल वेड्यात काढा. किंमत आहे, आणि ती चांगली साडेसहा लाखांची आहे. फक्त ती बाईच्या हाती लागत नाही, एवढंच. हसनाबादच्या बेबीनंदाला हे कळायला एकवीस वर्षं लागली. आणि कळलं कुठं, तर भोकरदनला बँकेत, साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून, स्वतःच्या मजुरीच्या पैशानं केलेला कागद स्वतःच्याच हातानं पुढं सरकवल्यावर.

बेबीनंदा मूळची पिंपळगाव रेणुकाईची. बाप रामराव सोनुने मिरची लावायचा. पोरगी हुशार निघाली, दहावीला बासष्ट टक्के पडले, तेव्हा मास्तर घरी येऊन सांगून गेले की हिला पुढं शिकवा. बापानं मास्तरांना चहा पाजला, तुमचं बराबर आहे म्हणाला, आणि पोरीला अठरा भरले न भरले तोच हसनाबादच्या गाढ्यांच्या घरात लग्न लावून दिलं.

गाढ्यांच्या घरात एक अडचण निघाली. थोरल्या जावेचं नाव नंदाबाई. सासू म्हणाली, एका घरात दोन नंदा नकोत, हाक कुणाला मारली ते कळायचं कसं. भटजींनी पंचांग चाळून अक्षर काढलं, तबकात तांदूळ पसरले, आणि नवरदेव कल्याणनं अंगठीच्या टोकानं त्यात लिहिलं, शिवकन्या. बायकांनी बारशात करतात तसं कानात कुर्रर्र केलं, पेढे वाटले. अठरा वर्षं ज्या नावाला ती 'ओ' देत आली ते नाव चांगलं होतं की वाईट, तिला ते टाकायचं होतं की ठेवायचं होतं, हे त्या मांडवात कुणीही विचारलं नाही. संध्याकाळी त्या तांदळाचा भात झाला आणि सगळ्यांसोबत तिनं पण खाल्ला.

आता गंमत बघा. एवढं हौसेनं ठेवलेलं नाव, पण त्या नावानं तिला हाक कुणीच मारली नाही. सासू 'धाकली' म्हणायची. नवरा 'ऐकलं का' म्हणायचा, कारण बायकोचं नाव घ्यायची त्याला लाज. गाव 'कल्याणची बायको' म्हणायचं. थोरला दीर बद्रीनाथ, ज्याला तिकडं भाया म्हणतात, तो तर तिच्याशी बोलायचाच नाही. भायासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं डोक्यावर पदर घ्यायचा, खाली बघायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, ही त्या घरची रीत. काही सांगायचं झालं तर तो कल्याणला सांगायचा आणि कल्याण तिला. म्हणजे शिवकन्या उरली ती रेशनकार्डावर, मतदार यादीत आणि आधारवर. हाडामासाची बाई बेबीनंदाच होती, आणि तिला त्या नावानं हाक मारणारी गावात एकटी शकीला.

शकीला पण पिंपळगावचीच, एका बाकावर बसलेली, आणि नशिबानं हसनाबादलाच दिलेली. तिचा सासरा ख्वाजामियाँ, नवरा मुजाहिद. मुजाहिद लोकांच्या गाड्यांवर ड्रायव्हर. शकीला तिला नेहमी चिडवायची, की आमच्यात बाईचं नाव न्हाई बदलत, बापानं ठेवलं तेच कबरीपर्यंत, तुमच्यात तर बाईचं भांड्यावाणी आहे, ज्याच्या घरी जाईल त्याचं नाव टाकून घ्यायचं. बेबीनंदा हसायची. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

दोघी मिळून क्रॉसिंगला जायच्या. जालन्याकडं बियाण्याच्या कंपन्या शेतकऱ्यांच्या शेडनेटमध्ये मिरचीचं, टोमॅटोचं संकरित बी तयार करून घेतात, आणि ते काम सगळं बायकांच्या बोटांवर चालतं. न उमललेली कळी चिमट्यानं अलगद उघडायची, तिच्यातला नर काढून टाकायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा आणि खुणेचा दोरा बांधायचा. जरा जोर झाला की कळी गळते. बेबीनंदाच्या हातच्या शंभर कळ्यांतल्या नव्वद धरायच्या. कंपनीचा माणूस यायचा तो शेतमालकाशी बोलण्याआधी तिला विचारायचा. पंधरा वर्षं तिनं हे केलं. बियाणं सोन्याच्या भावानं विकलं गेलं, शेतमालकांनी माड्या बांधल्या, आणि क्रॉसिंगवाल्या बायकांना मिळाली रोजाची मजुरी आणि दिवाळीला एक साडी. तीही पॉलिस्टरची.

तिच्या डोक्यात जे शिजत होतं ते साधं होतं. उन्हाळी मिरची लावणारे सगळे शेतकरी रोपं लांबून आणायचे, टेम्पोत वाळवत, मोडत. शंभरातली पंचवीस-तीस तर रस्त्यातच मान टाकायची. आपल्याच गावाच्या सडकेला एक रोपवाटिका उभी केली, तर? काम तिला येत होतंच. जालन्याला जाऊन तिनं आठ दिवसांचं प्रशिक्षणही घेतलं. प्रमाणपत्रावर नाव पडलं दहावीच्या कागदावरून, बेबीनंदा रामराव सोनुने. ख्वाजामियाँनी विहिरीजवळची सडकेची वीस गुंठे जमीन भाड्यानं द्यायचं कबूल केलं. म्हातारा बोलायला रोखठोक. म्हणाला, पोरी, माघ लागायच्या आत शेडनेटची जाळी उभी राहिली तर जमीन तुझी, न्हाई राहिली तर मी कांदा टाकतो, मला बसून खायला परवडत न्हाई. त्याचंही बराबर होतं. रोपं माघात टाकली तरच चैत्र-वैशाखात विकायला येतात. माघ चुकला की वर्ष गेलं.

म्हणजे तिच्याकडं तीन महिने होते, आणि हवे होते चार लाख.

आता बाईनं धंद्याला चार लाख आणायचे कुठून, ते मला कुणीतरी समजावून सांगा. जमीन नवऱ्याच्या आणि भायाच्या नावावर, ती गहाण पडत नाही. गळ्यात डोरलं आणि चार मणी, त्याचे येऊन येऊन किती येणार. बचत गटातून मिळतात वीस-पंचवीस हजार, त्यात शेळी येते, शेडनेट येत नाही. दर मंगळवारी मोटारसायकलवर येणारे फायनान्सवाले देतात, पण त्यांचा हप्ता पुढच्याच आठवड्यापासून सुरू, आणि मिरचीचं रोप काही आठवड्यात पैसे देत नाही. त्या फायनान्सवाल्यांची आणखी एक तऱ्हा. पैसे बाईलाच देतात, कारण बाई बुडवत नाही. मग बाईच्या नावावर काढलेल्या पैशात तिचा दाल्ला मोटारसायकल घेतो, आणि हप्त्याच्या दिवशी घराबाहेर पडतो. गावात असं एक घर सोडून एक आहे आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

राहिली बँक. बँकेच्या भिंतीवर हा भला मोठा फलक, महिला उद्योजकांसाठी खास योजना, त्यावर हसऱ्या बाईचा फोटो. साहेब नवीन बदलून आलेले, तरणे, बोलायला गोड. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, ताई, धंदा चांगला आहे, पण ह्यात दोन बायका आहेत. प्रशिक्षण घेतलंय बेबीनंदा सोनुनेनं, आणि आधार आहे शिवकन्या गाढेचं. मी कर्ज कुणाला देऊ? बेबीनंदानं सांगितलं की दोन्ही मीच. साहेब म्हणाले, तुम्ही म्हणून चालत नाही, प्रतिज्ञापत्र आणा. कागद पुरे झाल्याशिवाय मी नाव संगणकात घालत नाही.

घरी येऊन तिनं कल्याणला सांगितलं. कल्याण म्हणाला, दादाला विचारतो. कल्याणचं हे असंच. बैलाला वेसण बदलायची झाली तरी दादाला विचारणार. दादानं निरोप पाठवला, की बायकांनी तहसीलची पायरी चढायची काही गरज न्हाई, मी साहेबाला भेटून बघतो. महिना गेला. तिनं दोनदा आठवण केली, दोनदा तेच उत्तर आलं. भाया रोज त्याच्या पिकअप गाडीत मिरची भरून पिंपळगावच्या बाजारात जात होता, भोकरदनला पण जात होता, पण बँक काही त्याच्या वाटेत येत नव्हती. हा माणूस टाळून का राह्यला, असा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. तिला वाटलं, जळत असेल.

शेवटी ती शकीलाला घेऊन आपली आपण गेली. दोन दिवसांची मजुरी बुडवली, स्टँपवाल्याला, टायपिंगवाल्याला, वकिलाला आणि एजंटाला वेगवेगळे पैसे मोजले. लग्नातल्या पुरोहितांचा दाखला लागतो म्हणाले, पुरोहित वारून आठ वर्षं झालेली. मग दोन साक्षीदार चालतात म्हणाले. एक शकीला झाली. दुसरा मिळेना, कारण गाढ्यांच्या घरातल्या कामात बद्रीनाथला न विचारता सही करायची छाती गावात कुणाची नव्हती. पिंपळगावचे तेच मास्तर, आता सत्तरी ओलांडलेले, एसटीनं आले आणि सही करून गेले. कागद तयार झाला. 'मी शपथेवर लिहून देते की बेबीनंदा रामराव सोनुने व शिवकन्या कल्याण गाढे ही एकच व्यक्ती असून ती मी आहे.' खाली सही, वर मोहोर. शकीला म्हणाली, चल, आता तू सरकारच्या हिशेबात पैदा झालीस.

बँकेत गर्दी नव्हती. साहेबांनी कागद वाचला, खूश झाले, संगणकात नाव घातलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, ताई, तुम्ही आम्हाला हे सांगितलं नाहीत.

काय सांगितलं नाही, ते तिला कळेना. साहेबांनी शिपायाला कपाटातून एक फाइल काढायला लावली. शिवकन्या कल्याण गाढे ह्या बाईनं साडेचार वर्षांपूर्वी ह्याच शाखेतून, महिलांच्याच योजनेत, मालवाहू गाडीसाठी साडेसहा लाखांचं कर्ज घेतलं होतं. महिला म्हणून व्याजात सूट मिळवली होती. साडेतीन वर्षं हप्ते बराबर भरले होते आणि मागच्या वर्षभरात एकही भरला नव्हता. सात नोटिसा गेल्या होत्या. सातही घरी पोचल्याच्या पावत्या होत्या, सगळ्यांवर बद्रीनाथची सही.

तिनं फाइल मागून घेतली. साहेब देईनात, तर ती म्हणाली की माझ्या नावाची आहे ना, मंग मला बघू द्या. तिसऱ्या पानावर तिचाच फोटो. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हार घातलेल्या पिकअपसमोर उभी, आणि हातात चावी. खाली लिहिलेलं, यशस्वी महिला उद्योजक.

तो दिवस तिला लख्ख आठवला. घरात नवीन गाडी आली म्हणून भायानं निरोप पाठवला होता, की धाकलीला पूजेला बोलव, तिचा हात लक्ष्मीचा आहे. थोरली जाऊ असताना आपल्याला मान मिळाला म्हणून ती हरखून गेली होती. नारळ फोडला, कुणीतरी हातात चावी दिली, फोटो काढला, चावी परत घेतली. मग विम्याचे कागद म्हणून पंधरा-वीस सह्या. सगळे इंग्रजी, सगळे दुमडलेले, आणि समोर भाया उभा. त्याच्यासमोर मान वर करायची सोय नव्हती, तर हे काय आहे असं विचारणार कुठून? दहावीला बासष्ट टक्के मिळवलेली बाई, पदरात तोंड खुपसून सह्या करत गेली. ह्यालाच घरंदाजपणा म्हणतात, आणि ह्याचं आपल्याकडं फार कौतुक आहे.

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, ताई, मला कळतंय. पण तुम्हीच आता शपथेवर लिहून दिलंय की ती तुम्हीच. थकबाकीदाराला नवीन कर्ज मला देता येत नाही.

म्हणजे बघा हं. कालपर्यंत बेबीनंदाला कर्ज मिळत नव्हतं कारण ती शिवकन्या नव्हती. आज मिळत नव्हतं कारण ती शिवकन्या होती. भायानं कर्ज काढलं तेव्हा कुणाला दोन बायका दिसल्या नाहीत, कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही, कुणी त्या बाईला बाजूला घेऊन एका शब्दानं विचारलं नाही की गाडी तू चालवणार का. हारातला फोटो पुरला. आणि पंधरा वर्षं दुसऱ्यांची बियाणी पिकवणारी बाई स्वतःच्या अकलेवर चार लाख मागायला आली, तर तिला आधी ती कोण आहे हे सिद्ध करायला लावलं, आणि सिद्ध केल्यावर त्याच कागदानं तिला दारातून परत फिरवलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगणाऱ्याचीही जाते.

घरी आल्यावर तिनं कल्याणला एकच विचारलं, तुम्हाला ठाऊक व्हतं का? कल्याण दावणीकडं बघत म्हणाला की कर्जाचं माहीत होतं, हप्ते थकल्याचं माहीत नव्हतं, दादा म्हणाला होता की बाईच्या नावावर व्याज कमी पडतं, आणि शेवटी घरातलीच गोष्ट आहे. ती त्याच्यावर ओरडली नाही. ओरडून काय करायचं होतं? एका ताटात जेवणाऱ्या माणसाला साडेचार वर्षं ही गोष्ट सांगावीशी वाटली नाही, ह्याचा राग ओरडण्यात मावणारा नव्हता. तिनं त्याला वाढलं आणि स्वतः उठून शकीलाकडं गेली.

शकीला आधी भायाला शिव्या घालत बसली, उर्दूतून आणि मराठीतून, आलटून पालटून. पोट भरून झाल्यावर मुजाहिद मध्येच बोलला. तो गाड्यांतला माणूस, त्याला वेगळंच सुचलं. त्यानं विचारलं, भाभी, कर्ज तुमच्या नावावर, तर गाडी कुणाच्या नावावर?

बेबीनंदानं तीच फाइल दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघितली. त्यात गाडीच्या नोंदणीची, आरसीची प्रत होती. मालकाच्या रकान्यात लिहिलेलं, शिवकन्या कल्याण गाढे. असणारच. महिलांच्या योजनेतली गाडी महिलेच्याच नावावर लागते, नाहीतर सूट मिळत नाही. भायानं सूट घेतली, आणि गाडी आपली नाही हे तो साडेचार वर्षांत विसरूनही गेला. चूक म्हणाल तर ही एवढीच त्याची. त्याच्या हिशेबात शिवकन्या नावाची बाई नव्हतीच, ते नुसतं कर्जापुरतं नाव होतं. ते नाव एक दिवस चालत बँकेत जाईल असं त्याला कसं वाटावं?

तिनं साहेबांना सरळ विचारलं, गाडी विकून कर्ज फिटतं का? साहेबांनी खुर्चीत जरा सरसावून बसून सांगितलं की फिटतं, गिऱ्हाइकानं बाकी बँकेत भरायची, वरचे पैसे मालकाला. त्यासाठी मालकिणीची सही लागते, आणि सही पटवायला तुमचं हे प्रतिज्ञापत्र बिलकुल पक्कं आहे. आठव्या नोटिशीची एक प्रत त्यांनी तिच्या हातात दिली. थकबाकी भरावी, अन्यथा गाडी शाखेत हजर करावी. मुजाहिदनं जाफराबादला एक गिऱ्हाईक बघितलं. माघाला सतरा दिवस उरले होते.

पिंपळगावचा मिरचीचा बाजार त्या दिवसांत आवरत आलेला असतो, तरी दुपारी आवारात शे-दीडशे माणूस होतंच. बद्रीनाथची पिकअप रिकामी होऊन आडत्याच्या ओट्याला लागलेली. तो ओट्यावर खुर्ची टाकून चहा पीत होता आणि कल्याण खाली पोती घडी घालत होता. बेबीनंदा शकीलाला आणि मुजाहिदला घेऊन थेट ओट्यापाशी गेली. पदर डोक्यावर तसाच होता. तिनं फक्त मान वर केली.

"दादा, गाडीची चावी द्या."

एकवीस वर्षांत तिनं त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. हे बोलणं आपल्याशीच आहे हे त्याला आधी उमगलंच नाही. त्यानं सवयीनं कल्याणकडं बघून विचारलं की ही काय म्हणून राह्यली.

"त्यांच्याशी न्हाई, तुमच्याशी बोलून राह्यले," ती म्हणाली. "चावी द्या."

आजूबाजूचे हमाल थांबले. आडत्यानं चष्मा वर केला. बद्रीनाथ हसला, जसं घरच्या मोठ्या माणसानं हसायचं असतं तसं. घरच्या गोष्टी घरी बोलू म्हणाला, चारचौघांत पदर सोडून बोलायची आपल्यात रीत न्हाई म्हणाला. तिनं नोटीस आडत्यापुढं ठेवली आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. आडत्याला नको होतं, पण एवढी माणसं बघत होती. त्यानं वाचलं. श्रीमती शिवकन्या कल्याण गाढे, हसनाबाद, ह्यांना कळविण्यात येते की.

बद्रीनाथ म्हणाला, "ते कागदावर असतंय. तुझं नुसतं नाव आहे त्यात."

"नुसत्या नावावर आठ नोटिसा आल्या," बेबीनंदा म्हणाली. "नुसत्या नावावर मला बँकेनं थकबाकीदार म्हणून परतवून लावलं. नुसत्या नावावर माझी जाळी ऱ्हायली. मंग नुसत्या नावावर गाडी पण येऊ द्या."

तरी तो बोलला. बाईला फूस कुणाची आहे हे कळतंय म्हणाला आणि मुजाहिदकडं बघितलं, भावाभावात भांडणं लावून राह्यले म्हणाला, मेलेल्या आईचं नाव काढलं. ती ऐकून घेत उभी राहिली. जागची हलली मात्र नाही. आडत्यानंच शेवटी हळूच सांगितलं की बद्रीभाऊ, कागद तिचा आहे, उद्या बँकेची माणसं आली तर माझ्या ओट्यावर तमाशा नको. त्याला आपल्या ओट्याची काळजी. बद्रीनाथनं खिशातून चावी काढली. पण धाकट्या भावाच्या बायकोच्या हातात ती द्यायची म्हणजे पार नाक कापून घेणं. त्यानं ती कल्याणकडं फेकली. कल्याणनं झेलली, भावाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि तिच्या हातावर ठेवली.

ह्याचं पुढं काय झालं म्हणाल, तर गाडी जाफराबादला विकली गेली, कर्ज फिटलं, वरचे लाखभर उरले. शकीलानं आणि क्रॉसिंगच्या अकरा बायकांनी आपापल्या घरच्या मिरचीसाठी रोपांचा इसार आधीच आणून दिला. वीस गुंठ्यांची जाळी झाली नाही, दहाची झाली, लोखंडी सांगाड्याऐवजी बांबूवर, आणि माघ लागायच्या आत झाली. उरलेल्या दहात ख्वाजामियाँनी कांदा टाकला. बँकेनं आजवर एक रुपया दिलेला नाही. कर्ज फेडलं तरी थकबाकीचा डाग संगणकात दोन-तीन वर्षं राहतो म्हणे. डाग पडायला भाया, आणि पुसायला बेबीनंदा. साडेचार वर्षं त्या गाडीवर ज्यानं कमावलं त्याच्या नावावर मात्र कुठं काही डाग नाही. तो अजून गावात चार माणसांचे वाद मिटवतो.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मुजाहिद चाकावर बसला, मधी शकीला, खिडकीशी बेबीनंदा. गाडी सुरू झाली तेव्हा कल्याण मागून पळत आला आणि मागच्या हौद्यात चढून रिकाम्या पोत्यांवर बसला. कुणी त्याला ये म्हणालं नव्हतं. कुणी नको पण म्हणालं नाही.

आवाराच्या फाटकावर पावती फाडणारा माणूस उभा होता. ही गाडी तो रोज बघायचा आणि रोज न विचारता बद्रीनाथचं नाव टाकायचा. आज त्यानं आत तीन भलतीच माणसं बघितली आणि लिहिता लिहिता पेन थांबवलं. गाडी कुणाची, असं त्यानं मागं बसलेल्या कल्याणला विचारलं, कारण ओळखीचा तोच होता. कल्याण म्हणाला, आमच्या घरच्यांची. त्यानं पावती लिहायला नाव मागितलं.

कल्याण हौद्यातून खाली उतरला. एकवीस वर्षांत बायकोचं नाव त्यानं चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. मागं आणखी दोन टेम्पो येऊन थांबले होते आणि हॉर्न वाजवत होते. तो खिडकीपाशी आला आणि खालच्या आवाजात त्यानं तिला विचारलं,

"कोणतं सांगू?"

बेबीनंदानं त्याच्याकडं बघितलं. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता.

"ज्या नावानं कर्ज काढलं," ती म्हणाली, "तेच सांगा. आणि मोठ्यानं सांगा."

कल्याणनं सांगितलं. पावती फाटली आणि गाडी जाफराबादच्या वाटेला लागली.